वाढत्या अंगाचं

शंकरप्पांच्या स्टोअर्सचा जिना लाकडी होता आणि त्याला एकोणीस पायऱ्या होत्या. पद्मजाने त्या मोजल्या, कारण सातव्या पायरीवर मथूने बसकण मारली.

"चल गं मथे, वर बाहुल्या आहेत," तिच्या आत्याने, रुक्मिणीने, वळून हाक दिली.

"पाय दमले," मथू म्हणाली. रडणं नाही, हट्ट नाही. एखाद्या म्हातारीने देवळाच्या पायरीवर टेकावं तशी ती टेकली आणि वर जाणाऱ्यांची पावलं बघत राहिली.

पद्मजाने वाकून तिला कडेवर घेतलं. आणखी तीन दिवसांनी, कोजागिरीला, पोरीला तीन वर्षं पूर्ण व्हायची होती. तीन वर्षांचं मूल उचललं की आईच्या कंबरेला ते कळायला हवं. पद्मजाच्या कंबरेला काही कळलं नाही. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला सोनं वाटायला नेली तेव्हा जेवढी होती तेवढीच ती होती. पोट तसंच किंचित पुढे, पोटऱ्या तशाच बारीक. डोळे तेवढे वर्षभरात मोठे झाले होते.

"उचलून कशाला घेतेस? सवय लागते," वरून माईंचा आवाज आला.

"जिना उभा आहे माई," पद्मजा म्हणाली.

"असू दे. आमच्या घरातली मुलं उशिराच चालायला लागतात."

हे माईंचं नेहमीचं होतं. आमच्या घरातली मुलं उशिरा चालतात, आमच्या घरातली मुलं बारीकच असतात, आमच्या घरातल्या मुलांना भूक बेताची. लग्न होऊन आली तेव्हा पद्मजाला सासूबाईंच्या या 'आमच्या घरातली'चं कौतुक वाटायचं. आता ते शब्द ऐकले की ती पोरीला जवळ ओढी.

जिन्याच्या तोंडाशी अक्कलकोटच्या मामी धापा टाकत उभ्या होत्या. माईंच्या भावजय. धारवाडचं स्थळ त्यांनी आणलं होतं आणि ते पदरात पडेपर्यंत सोलापुरातून हलायचं नाही, असा त्यांचा निश्चय होता. मुलगा वकील, घरची शेती, एकुलता एक. कोजागिरीला दुपारी मंडळी रुक्मिणीला बघायला येणार, रात्रीचं दूध घेऊन मुक्काम करणार आणि सकाळच्या गाडीने परत. म्हणून हा सगळा बाजार: दिवाणखान्याला चार खुर्च्या, खिडक्यांना पडदे, जुनी जाजम विटली होती म्हणून नवी, रुक्मिणीला लुगडं. आणि मथूला नवे कपडे. ती घरातलं पहिलं मूल, कोजागिरीला तिची आश्विनी करायची, पाटावर बसवून ओवाळायचं. यंदा ते धारवाडकरांच्या देखत व्हायचं होतं.

"मंडळी फार चोखंदळ हं," मामींनी आल्या दिवशीच सांगितलं होतं. "पत्रिका मागाहून बघतात, आधी घराची नाडी बघतात. विजापूरची मुलगी कशी, चाफेकळी. पण भाऊ खोकत होता, की उठले. पंढरपूरच्या बापाला दमा. तिथंही तेच. दुखणं दिसलं की चहाच्या कपाला हात लावत नाहीत."

हे ऐकताना माईंनी पद्मजाकडे पाहिलं होतं आणि पद्मजाने मथूकडे.

परवा दसऱ्याच्या दुपारी तिने नवऱ्याला, गोपाळला सांगून टाकलं होतं. पोरीला मिरजेच्या डॉक्टरांकडे नेऊ या. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, लहान गाडीने मिरज, फार तर चार दिवस. गोपाळ हायस्कुलात गणित शिकवायचा. त्याने ऐकून घेतलं, हिशेबी माणसासारखी मान हलवली, म्हणाला, "नेऊ." मग तो आईच्या कानावर घालायला आत गेला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. कोजागिरी होऊ दे."

त्याआधी गणपती होऊ द्यायचे होते. मग पितृपक्षात प्रवास नको होता. मग घरात घट बसले होते.

गावातल्या गावात डॉक्टरला दाखवायचं म्हटलं तरी शुक्रवार पेठेत कुणाच्या दारी डॉक्टरची पेटी दिसली की दिवे लागायच्या आत चार गल्ल्यांत दुखण्याचं नाव फिरतं. तो शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. पद्मजा पुण्याला इंटरपर्यंत शिकलेली, तिला तो इंग्रजीतही येत होता, आणि तीही उच्चारत नव्हती.

*

वरचा मजला लांबच लांब होता. एका अंगाला खुर्च्या, टेबलं, आरसे लावलेली कपाटं. मधे जाजमा आणि सतरंज्यांच्या उभ्या गुंडाळ्या. छताच्या दांडीवरून पडदे सोडलेले. आणि रस्त्याकडच्या खिडकीपाशी काचेच्या कपाटात मुलांचे तयार कपडे. जागोजाग पाट्या लावल्या होत्या: 'एकच भाव.'

"काय लिहिलंय गं?" मामींनी विचारलं.

"एकच भाव," रुक्मिणीने वाचलं.

"असं कसं? मी अजून एक शब्द बोलले नाही, त्याआधीच एक भाव?"

दुकानातला माणूस लगबगीने पुढे आला. कपाळाला विभूती, कानावर पेन्सिल, गळ्यात मापाची पट्टी. "या की अक्का, या मावशी, बसा हितं. खुर्चीवरच बसा, बसून बघायसाठीच ठेवल्यात." त्याने बसा म्हटल्यावर मामी बसल्या, पण अर्ध्याच. "नाव काय तुझं?" त्यांनी कानडीत विचारलं. माणूस खुलला. "धुळाप्पा," म्हणाला. गाव कोणतं, वळसंग, कुणाचा तू, अमक्याचा, असं करत मामींनी कानडीतून त्याला बांधत आणला आणि मग हळूच खुर्चीच्या किमतीवर हात ठेवला.

धुळाप्पा हसून मराठीवर आला. "नातं लागलं तरी पाटी तीच हाय मावशी. शंकरप्पाअण्णा आपल्या जावयालाबी ह्याच भावानं देत्यात."

"मग जावई येतो का परत?" मामी म्हणाल्या. रुक्मिणी पदर तोंडाला लावून हसली. माईसुद्धा हसल्या.

पद्मजाही हसली, कारण न हसणं दिसलं असतं. मथूला तिने खाली ठेवलं तशी पोर जवळच्या गुंडाळीला पाठ लावून बसली.

चार खुर्च्यांसाठी गोपाळला आठ खुर्च्यांवर बसवण्यात आलं. "जरा रेलून बस," मामी म्हणाल्या. "वकील माणूस रेलतो." गोपाळ रेलला. "आता पुढे वाक. मुलाचे मामा पुढे वाकून प्रश्न विचारतात, मला माहीत आहे." गोपाळ पुढे वाकला. खुर्ची करकरली. ती बाद झाली. पडद्यांना माईंना पिवळा हवा होता, मामींना हिरवा. पिवळ्या उजेडात माणसं आजारी दिसतात, असं मामींचं मत पडलं आणि माईंनी पिवळा तत्क्षणी हातातून सोडला.

"हिरवाच द्या," त्या म्हणाल्या.

पद्मजाने ते पाहिलं. माईंची बोटं पिवळ्या कापडावरून अशी उचलली गेली, जणू चटका बसला. त्या बोटांकडे बघताना तिला सकाळची गोष्ट पुन्हा आठवली.

माई नातीच्या परकराला नेहमी तीन दुमडी घालून घेत. शिंप्याला बजावून सांगत: वाढत्या अंगाचं शिव. मग दर पाडव्याला आणि दर कोजागिरीला सुईने एक दुमड उसवायची, आतली न विटलेली पट्टी सगळ्यांना दाखवायची, "बघा, पोर केवढी उंच झाली," म्हणायचं. शिंप्याने पट्टी लावलेली मात्र त्यांना चालत नसे. चालत्याबोलत्या मुलाचं माप घेऊ नये, वाढ खुंटते. माप गेलेल्याचं घेतात. शिंपी बिचारा लांबून नजरेने अदमास घेई.

यंदाच्या पाडव्याला माईंनी दुमड उसवली होती. पट्टीही दाखवली होती. पद्मजाने ती डोळ्यांनी पाहिली होती, गडद डाळिंबी, आणि त्या दिवशी तिला भरभरून हायसं वाटलं होतं. आज सकाळी त्याच परकराच्या घेराची धूळ झटकताना तिच्या बोटांना टीप लागली. तीन दुमडी. वरच्या दोन यंत्रावरच्या, एकसारख्या. खालची हाताने घातलेली, बारीक, तिरकस धावदोऱ्याची. असा धावदोरा घरात एकाच माणसाच्या हातचा होता.

ती काही बोलली नाही. बोलायला तिलाही जागा कुठे होती? देवघराच्या दारामागे चैत्रात, ज्येष्ठात आणि श्रावणात तिने पेन्सिलीने तीन खुणा केल्या होत्या. घरात कुणी नसताना, पोरीला दाराला टेकवून, डोक्यावर पोथी आडवी धरून. तीन खुणा तीन जागी पडायला हव्या होत्या. त्या एकीवर एक पडून एकच जाड रेघ झाली होती. पहिल्या खुणेनंतर ती आठ दिवस देवापुढे उभं राहायला धजली नव्हती. शिकलेली खरी, पण माप घेतलं आणि वाढ थांबली, हे तिच्या मनातून पुसलं जात नव्हतं.

"पद्मजा, इकडे ये," माईंनी हाक मारली. "पोरीचं बघून टाकू."

*

तयार झगे काचेच्या कपाटातून बाहेर निघाले तेव्हा मथू पहिल्यांदा आपणहून उठली. गुलाबी, आभाळी, एक लोकरीचा मोरपंखी. थंडीचे दिवस आले होते, सकाळी अंगणात पाय ठेवला की फरशी गार लागायची.

"माप घेतो की," धुळाप्पाने गळ्यातली पट्टी काढली.

माई मधे आल्या. "पट्टी लांब ठेव."

"अक्का, तयार माल हाय. नंबरावर मिळतंय. छातीचं न् उंचीचं माप–"

"आमच्यात पोरीचं माप घेत नाहीत. अंदाजाने दे. वाढत्या अंगाचं दे."

धुळाप्पाने पट्टी पुन्हा गळ्यात टाकली. त्याने मथूकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग अदमासाने एक आभाळी झगा काढला. माईंनी तो दोन्ही हातांत धरून हवेत ताणला. "ह्याहून मोठा."

"अक्का, ह्यो पुरं की."

"मोठा दे म्हटलं ना."

गुलाबी झगा आला. माईंनी तो मथूच्या डोक्यावरून घातला. पोर आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग गळ्यातून डोकं निघालं, खांदे निघाले नाहीत. बाह्यांची टोकं गुडघ्यांशी लोंबली आणि घेर फरशीवर पसरला. मथू त्या ढिगात उभी राहून सगळ्यांकडे बघत होती.

"होईल," माई म्हणाल्या. "अंग भरेल तसा होईल."

"ह्यात अजून एक पोर मावंल," धुळाप्पा म्हणाला.

मामींनी चष्मा नाकावर सरकवला. त्या इतका वेळ पडद्यांच्या कड्या मोजत होत्या. आता त्या मथूकडे बघू लागल्या. आल्यापासून त्या मथूला रोज बघत होत्या, पण ती सदा कुणाच्या तरी मांडीवर, नाहीतर कडेवर असायची. पद्मजाच तशी काळजी घेत होती. उभ्या पोरीपेक्षा मांडीवरची पोर मोठी वाटते.

"अशी बारीक चण आहे का वन्सं, कुणाची तुमच्याकडे?" मामींनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आमच्या घरातली मुलं–" माईंनी सुरुवात केली आणि पुढचं राहिलं.

"बगून आणतो एक, खालच्या मजल्यावर दुसरा माल हाय," म्हणत धुळाप्पा जिन्याकडे सटकला. पद्मजाने झगा काढून घेतला. पोर हातातून निसटली आणि खिडकीकडे गेली.

खिडकीत एक लाकडी मुलगी उभी होती. मुंबईहून आणलेली असावी. गोरे रंगवलेले गाल, एक हात पुढे केलेला, अंगात पांढरा झालरीचा झगा, पायांत खरे मोजे. पायांशी पुठ्ठ्याची पाटी. मथू तिच्याजवळ गेली आणि तिने तो पुढे केलेला हात धरला. मग मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"ही मोठी ताई आहे," ती म्हणाली.

खिडकीतून ऊन येत होतं. लाकडी मुलीच्या हनुवटीपाशी मथूचा भांग होता.

पद्मजाने पाटी वाचली. ती मोठ्या, वळणदार अक्षरांत होती, वाचायला वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी तिने ती दोनदा वाचली. पाठीमागे मामींच्या बांगड्या वाजल्या.

"छान आहे गं बाहुली. केवढ्या पोरीचं माप म्हणायचं हे? काय लिहिलंय?"

माईंना वाचता येत नव्हतं, मामींनाही नाही. गोपाळ पलीकडे खुर्च्यांच्या पावतीपाशी होता. पद्मजाला माईंची नजर पाठीवर जाणवली. सहा महिने ती याच प्रश्नाची वाट पाहत होती. कुणीतरी विचारावं, सगळ्यांसमोर विचारावं, आणि आपण सांगून मोकळं व्हावं. माजघरात, विहिरीपाशी, अंथरुणावर पडून तिने उत्तराची उजळणी केली होती.

"चार," ती म्हणाली. "वय वर्षे चार."

आपल्याच तोंडून ते कसं निघालं, तिला कळेना. निघालं तेव्हा मात्र सोपं वाटलं. माईंचा सुस्कारा तिने ऐकला.

"मग बरोबर," मामी म्हणाल्या. "चाराची पोर एवढी असायचीच. आपली तर तिनाची."

"वहिनी."

रुक्मिणी होती. हातात नव्या लुगड्याची घडी, छातीशी धरलेली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्पष्ट होता.

"दोन लिहिलंय, वहिनी."



"काय लिहिलंय?" मामींनी विचारलं.

"वय वर्षे दोन," रुक्मिणी म्हणाली. "तीनही नाही. दोन." आणि मग आईकडे वळून, "रोज मीच न्हाऊ घालते तिला, आई. मला कळत नाही का? सगळ्यांना कळतंय. माझ्यासाठी म्हणून कुणी बोलत नाही, आणि मला रात्री तिच्याकडे बघवत नाही."

"रुक्मे, तू गप्प बस. तुझ्या भल्याचं–"

"माझं भलं असं नको."

गोपाळ पावती हातात घेऊन आला होता. "काय झालं?" त्याने विचारलं. त्याने पाटी पाहिली, मुलगी पाहिली, दोघींतलं अंतर पाहिलं. गणिताच्या माणसाला तेवढं पुरलं. पावती त्याने खिशात घालण्याऐवजी नुसती चुरगळत धरली.

पद्मजा मथूपाशी खाली बसली. तिला रुक्मिणीच्या तोंडाकडे बघवेना. सगळ्या घरात बोलल्याने जिचं स्थळ जाणार होतं ती बोलली, आणि पोरीची आई खोटं बोलली.

धुळाप्पा हातावर दोन झगे टाकून जिना चढून आला. वातावरण बघून तो दारातच थांबला. "मागाहून येऊ का?"

"नको," माई म्हणाल्या. "इकडे ये."

त्या पुढे झाल्या. गुडघे दुखत होते तरी खाली बसल्या, फरशीवर, पद्मजाच्या शेजारी. मथूला त्यांनी जवळ घेतलं, परकराचा घेर उलटा केला आणि खालची दुमड अंगठ्याने चाचपली.

"पाडव्याला उसवली होती," त्या म्हणाल्या. कुणाशी बोलताहेत ते कळत नव्हतं. "तुम्हाला दाखवली ना, ती खरीच उसवली होती. संध्याकाळी पोर घेरात पाय अडकून ओट्यावरून पडली. मग पुन्हा घातली मी. तुम्ही सगळे कीर्तनाला गेला होता."

"मला दिसली सकाळी," पद्मजा हळूच म्हणाली.

"दिसली तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात, माई?"

माईंनी घेर खाली सोडला, त्याच्या चुण्या सारख्या केल्या. "अनसूयेच्या परकराला तीन दुमडी होत्या," त्या म्हणाल्या. "तिन्ही तशाच राहिल्या. ट्रंकेत तळाशी आहे तो परकर. आजही त्या तशाच आहेत."

गोपाळने आईच्या तोंडी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या आधीची बहीण. चार वर्षांची होऊन गेली, एवढंच त्याला ठाऊक. लग्नानंतरच्या पहिल्या कोजागिरीला पद्मजाने विचारलं होतं, थोरला मुलगा असून यांना ओवाळत कसं नाही? माई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, तो थोरला नाही.

"तेव्हाही सासूबाई म्हणाल्या, आमच्या घरातली मुलं बारीकच असतात," माई म्हणाल्या. "मला बरं वाटलं ते ऐकून. वर्षभर बरं वाटत राहिलं."

त्यांनी मथूला उभं केलं. तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"घे माप," त्या धुळाप्पाला म्हणाल्या.

"अक्का, अंदाजानं देतो की मी–"

"अंदाज पुष्कळ झाले. घे."

धुळाप्पाने पट्टी काढली. टाचेपासून वर नेली, बोट ठेवलं, आकडा सांगितला. मग छाती. मग खांदा. मथूला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली. पद्मजाने आकडे ऐकले आणि हातातल्या पिशवीच्या बंदाला गाठी मारत राहिली.

"अंगाबरोबर बसेल असा एक दे," माई म्हणाल्या. "लोकरीचा. गाडीत गार लागतं." मग गोपाळकडे न बघता, "उद्याची कुर्डुवाडीची गाडी किती वाजता असते रे?"

"सकाळी. पण आई, तीन दिवसांवर कोजागिरी... मी नसलो तर धारवाडची मंडळी–"

"तुझे वडील आहेत घरात. मी आहे."

आता सगळ्यांनी मामींकडे पाहिलं. मामींनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. त्या वाईट बाई नव्हत्या. पण या स्थळासाठी त्या दोनदा धारवाडला जाऊन आल्या होत्या आणि तिथे त्यांनी शब्द दिला होता: घर निरोगी आहे.

"मुलीचा भाऊ नाही, वहिनी नाही, ओवाळायची ती पोर नाही," त्या म्हणाल्या. "विचारतील की. मी काय सांगू, वन्सं?"

उत्तर रुक्मिणीने दिलं, लुगड्याच्या घडीकडे बघत.

"मिरजेला नेलंय म्हणून सांगा, मामी. पत्र आजच टाका. येतील ते येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर खुर्च्यांवर आम्ही बसू."

मामींना यावर हसावं की रागवावं ते ठरेना. "जीभ बघ पोरीची," त्या शेवटी म्हणाल्या आणि धुळाप्पाकडे वळून, "पोस्ट किती वाजता बंद होतं रे इथलं?" पत्रात त्या काय लिहवून घेणार होत्या ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पद्मजाला तर मुळीच नाही.

*

दोन टांगे केले. पुढच्यात गोपाळ, मामी आणि हिरव्या पडद्यांचं गाठोडं. त्यांना वाटेत पोस्टावर थांबायचं होतं. मागच्यात या तिघी आणि मथू. खुर्च्या उद्या हातगाडीवरून यायच्या होत्या. कापड गिरणीचा भोंगा होऊन गेला होता आणि रस्ता घरी परतणाऱ्या माणसांनी भरला होता, म्हणून टांगा पायी चालल्यासारखा चालला होता.

मथू मोरपंखी झगा अंगातच ठेवून झोपली. तो तिला नीट बसला होता. नवा कपडा इतका नीट बसलेला पद्मजाने कधी पाहिला नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या मनात गाडीच्या वेळा, दुधाची बाटली, मिरजेला कुणाकडे उतरायचं, डॉक्टर काय म्हणतील, काय म्हणतील, हे फिरत होतं.

"वन्सं," ती हळूच रुक्मिणीला म्हणाली, "मी चार का म्हटलं, मला–"

"राहू दे, वहिनी." रुक्मिणीने तिच्या हातावर हात ठेवला.

शुक्रवार पेठेच्या वळणावर माईंनी पदर सावरला.

"देवघराच्या दारामागे त्या रेघा आहेत," त्या म्हणाल्या.

पद्मजाने मथूच्या झग्याची बाही सारखी केली.

"श्रावणात दार पुसताना दिसल्या. पुसल्या नाहीत मी. जवळ गेलं की तीन आहेत ते कळतं." थोडं थांबून, "मला अक्षर येत नाही, पण आकडा दिसतो. तिथे आकडा नाही. तारखा का नाही घातल्यास?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

पद्मजा मथूच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली.

"घरी गेलं की आठवून घाल. कुठली रेघ कधीची ती. डॉक्टर पहिलं तेच विचारील की, कधीपासून."

टांगा घराशी थांबला. रुक्मिणी उतरली, तिने हात पुढे करून पोरीला घेतलं.

"आणि आजची?" तिने विचारलं.

"आजचीही काढायची," माई म्हणाल्या. पायरीसाठी पाय चाचपत त्या खाली उतरल्या. "पेन्सिल तू घे, पद्मजा. पोरीला मी धरते. एकटीने माप घेताना ती हललेली असणार."